मालनचा निवद

"अगं ए, आत काय जळतंय?"

"काय न्हाई. पाणी तापाय ठेवलंय."

"पाणी जळल्यावर असा वास सुटतोय व्हय? कापड जळतंय ते."

"तुमचं नाक गेलंय धुरानं. च्या चुलीवर हाय, वतून घ्या जावा."

न्हाणीचं दार आतनं लावलेलं. मी सकाळचा पहिला घाणा उतरवून गुऱ्हाळावरनं घरी आलेलो. अंगाला मळीचा वास, पोटात भूक. आता माझ्या नाकाला कुणी नावं ठेवली तर मला राग येणारच की. मी गुळव्या. उसाचा रस काहिलीत आटवायचा आन् नेमक्या वेळंला उतरवायचा, हेच जन्मभर केलं. शाळा चौथीला सुटली, पण रसाचा गूळ कधी होतोय ते मला पाठमोरं हुबं ऱ्हाऊन वासावर कळतंय. आन् ही मला सांगतीया, पाणी जळतंय.

दार उघडून मालन भाइर आली. हातात राखंची बादली, पदर तोंडापर्यंत वढलेला.

"तोंड असं का झालंय तुझं?"

"कसं झालंय?"

"पांढरंफटक."

"बरं झालं की. लग्नात तुमची आई म्हणत होती, पोरगी काळी हाय."

असं म्हणून हसली आन् दोन पावलं टाकून भिताडाला टेकली. बादली हातातनं सुटली. मी तिला धरली म्हणून, न्हाईतर पायरीवर डोकं आपटलं असतं. अंग गार. कपाळावर घामाचं थेंब.

"कधीपासनं चाललंय हे?"

"काय न्हाई ओ. मूळव्याध हाय. थोडं रक्त जातंय."

"आन् कापडं जाळतीस? मूळव्याधीची?"

तिनं तोंड फिरवलं. जत्रा परवावर आलेली.

जत्रेचं सांगायला पायजे, त्याबिगर तुम्हाला ह्यातलं काय कळायचं न्हाई. आमच्या गावची देवी आंबजाई. माघात तिची जत्रा. जत्रेला पुरणपोळीचा निवद असतोय. पहिली पोळी देवीला, मग सगळं गाव जेवणार. ह्यो निवद करायचा मान गावात एकाच बाईला. ती बाई सवाष्ण पायजे, म्हंजे नवरा जिता पायजे. आन् तिची पाळी गेलेली पायजे. तरणी चालत न्हाई, विधवा चालत न्हाई. ह्या दोघींच्या मधल्या चिंचोळ्या गल्लीत जी घावंल ती. मान पाच घरांत फिरतोय. आमच्या आधी तो तानुआक्काच्या घरात होता. तिनं तो लई वर्सं राखला. आमच्या घराकडं मानाची पाळी आली ती माझ्या जन्मात पहिल्यांदाच. माझ्या आईनं वाट बघितली, पण माझा बाप आधी गेला आन् तिचा हुकला.

मालन मला म्हणायची, "तुमी जिवंत हाय म्हणून मला मान हाय. तेवढी जत्रा होईस्तवर जपून ऱ्हावा. विडी सोडा."

"आन् जत्रा झाल्यावर?"

"मग काय पायजे ते करा."

चेष्टा करायची, पण तिला ह्या मानाची केवढी आस होती ते मला ठावं. भावकीत आमची धाकटी पाती. जत्रंला आमच्या घरच्या बायकांनी काय करायचं, तर देवळामागं बसून भांडी घासायची. मालन नवी नवरी होऊन आली त्या वर्सापासनं राखेनं काहिली घासत होती. आत पुरण शिजायचं आन् ही भाइर वासावर. एकदा कुणाचं तरी पोर रडतंय म्हणून चुलीकडं दोन पावलं आत गेली, तर तानुआक्कानं पळी उगारली हुती. सगळ्या गावादेखत. त्या तानुआक्कानं गेल्या सोमवारी तिच्या हातात उलथणं दिलं. त्याआधी मालननं देवीम्होरं भंडारा उचलला. हळदीची मूठ वर धरायची आन् म्हणायचं, माझं सरलंय, मी नितळ हाय. आमच्यात भंडारा उचलून खोटं बोललेलं माणूस मी तरी बघितलं नव्हतं.

"चल डॉक्टरकडं."

"जत्रा होऊंदे."

"आत्ता."

"आज डाळ निवडायची हाय देवळात. आक्का वाट बघतीया."

"मग मी आक्काकडं जातो आन् सांगतो, माझ्या बायकोला मूळव्याध हाय, ती चुलीम्होरं बसू शकत न्हाई."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तिचा नवरा न्हाई, सावकार हाय. मग गुमान लुगडं बदलाय गेली. गाडीवर मागं बसली ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. रस्त्यात खड्डा आला की तिचा हात घट्ट व्हायचा. एकदाच बोलली.

"डॉक्टरीणबाईला मी सांगीन काय सांगायचं ते. तुमी मधी तोंड घालू नका."

तालुक्याला हुक्केरीबाईंचा दवाखाना. मालनला त्या वळखत होत्या. तीनएक वर्सांमागं तिची पाळी गेली आन् हिच्या अंगात भट्टीच पेटली. भर थंडीत पदरानं वारा घ्यायची. मी म्हणायचो, चल, तुला काहिलीखाली घालतो, जळण वाचंल. पण चेष्टा संपली. तिला झोप येईना, बारीक-बारीक गोष्टीला रडाय लागली, हाडं दुखायची. तवा पोरीच्या बाळंतपणाला ह्याच दवाखान्यात होतो, तर बाईंनी तिला तपासून गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक द्रव्य कमी पडतंय, ते भरून काढायचं. महिन्याभरात मालन माणसात आली. मला वाटलं, झालं काम. नंतर दुकानातनं गोळ्या ती स्वताच आणायची. मी कधी बघितलंबी न्हाई कुठल्या.

बाईंनी तिला आत नेलं, पोटाची सोनोग्राफी केली, बोटातनं रक्त घेतलं. मग आम्हा दोघांना म्होरं बसवलं.

"मालनताई, मूळव्याध कुणी सांगितली तुम्हाला?"

मालन खाली बघत बसली.

"रक्त पिशवीतनं येतंय. कधीपासून?"

"लई न्हाई."

"लई न्हाई म्हणजे? तुमचं रक्त निम्म्यावर आलंय. ते एका दिवसात आलेलं नाही."

"दिवाळीपास्नं थोडं थोडं. आता ह्या आठवड्यात जास्त."

दिवाळी. मी मनातल्या मनात दिवाळी ते माघ मोजलं. एका घरात ऱ्हातो, एका ताटाला बसतो, आन् मला पत्ता न्हाई.

बाईंनी परत इचारलं, "गोळ्या चालू आहेत?"

"हायत."

"दोन्ही?"

मालननं माझ्याकडं बघितलं. "ह्यांना भाइर पाठवा."

मी उठलो न्हाई. खुर्ची दोन्ही हातांनी धरून बसलो. बाईबी म्हणाल्या न्हाईत, जावा म्हणून.

"मालनताई, दोन्ही घेताय का?"

"एक घेते."

"कुठली?"

"रोजची. पांढरी."

"आणि महिन्यातले काही दिवस घ्यायची, ती पिवळी?"

"ती घेतली की पाठोपाठ पाळी यायची."

"येणारच. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? पांढऱ्या गोळीनं पिशवीच्या आतलं अस्तर वाढतं. ती पिवळी त्याला आवर घालते. ती बंद झाली की ते अस्तर उतरून पडतं, चार दिवस रक्त दिसतं. ती काही खरी पाळी नव्हे, पिशवी साफ होते. त्यासाठीच दिली होती."

"बाई," मालन म्हणाली, आन् तिचा आवाज एकदम चढला, "तुमच्या दवाखान्यात ती खरी पाळी नसंल. आमच्या देवळात रक्त म्हंजे रक्त. माझी गेलेली पाळी परत आली म्हणून कुणाला कळलं असतं, तर मला निवद कोण करू देणार हुतं?"

"म्हणून सोडली?"

"दोनदा घेतली. दोन्ही वेळंला आलं. मग चुलीत टाकली. पांढरीनं बरं वाटत हुतं, ती ठेवली. वर्स-दीड वर्स कायसुदिक झालं न्हाई, मी नितळ हुते. देवीची आण. आन् आता हे..."

बाईंनी कागदावर एक पेरूसारखी आकृती काढली. आतनं रेघ मारली. "पाळी गेलेल्या बाईचं हे अस्तर कागदासारखं पातळ असतं. तुमचं गोधडीसारखं झालंय. दीड वर्ष ते नुसतं वाढत राहिलंय, उतरलंच नाही. आता ते कुठंकुठं फुटतंय, त्याचं हे रक्त."

"मग गोळी द्या थांबवायची."

"आधी बघायला पाहिजे ते नुसतं वाढलंय का बिघडलंय."

"बिघडलंय म्हंजे?" मी इचारलं.

बाई माझ्याकडं बघून बोलल्या. "कॅन्सर असू शकतो, दौलूमामा. नसूही शकतो. बऱ्याच वेळा नसतो. पण वरनं बघून कुणालाच सांगता येत नाही. ते खरवडून काढायचं आणि तपासायला पाठवायचं. आज रक्त चढवू, उद्या सकाळी काढू."

"परवा जत्रा हाय," मालन म्हणाली.

"खरवडल्यावर थोडे दिवस रक्त दिसेल."

"म्हणूनच म्हणतीया. जत्रा झाली की येते. देवीची शपथ, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात हुबी ऱ्हाते."

"ह्या रक्तावर तुम्ही दिवसभर चुलीसमोर बसणार? परत जोरात सुरू झालं तर तिथनं इथवर पोचणार नाही तुम्ही."

"मी जाते," म्हणून मालन उठली.

भाइर एक लाकडी बाक हुतं. मी तिला तिथं बसवली. दवाखान्यातली मावशी शेजारी फरशी पुसत हुती, ती आमच्याकडं बघत बघत एकच फरशी परत परत पुसाय लागली.

"घरला चला," मालन म्हणाली.

"न्हाई."

"मी चालत जाईन."

"जा. त्या फाटकापातूर जाऊन दाखव."

ती बसूनच ऱ्हायली. गुऱ्हाळावर मी गड्यांना शिव्या घालून दिवस काढतो. हितं शिवी कुणाला घालायची?

"भंडारा उचलला तवा चाललं हुतं का?" मी इचारलं.

"थांबलं हुतं. दोन दिवस थांबलं हुतं. मला वाटलं, देवीनंच थांबवलं."

"आन् परत सुरू झालं तवा?"

"तवा उलथणं माझ्या हातात हुतं." तिनं हात उघडून बघितला, जसं काय ते अजून तिथंच हाय. "तुमाला काय कळायचं न्हाई. तुमी काहिलीवर हुबं ऱ्हाता, चार गडी तुमच्या तोंडाकडं बघत्यात, कधी म्हणतोय गुळव्या उतरवा म्हणून. माझ्या तोंडाकडं कोण बघितलंय आजवर? परवा आख्खं गाव थांबणार हुतं. मालन म्हणंल तवा झाकण उघडायचं. तेवढं एक सोडून मला कायबी नको."

खरंच बोलत हुती. पण तिनं काहिलीचं नाव काढलं आन् मला वाट घावली.

"मालन, काहिलीखाली जाळ घालणारा गडी असतोय का न्हाई?"

"आता गुऱ्हाळ कशाला काढताय?"

"ऐक. त्यो जाळ घालत ऱ्हातोय. त्याला थांबायचं कळत न्हाई, त्याचं ते कामच न्हाई. 'बास' म्हणायचं ते मी. मी जर त्या टायमाला हुबा नसलो तर काय होतंय?"

तिला ठावं हुतं. एका साली मी तापानं पडलो हुतो, तवा नव्या गुळव्याच्या हातनं काहील करपली आन् उतू गेली, एका गड्याची पोटरी भाजली. हळद-लोणी लावाय हीच धावली हुती.

"तू जाळ घालणारी गोळी रोज खाल्लीस, आन् 'बास' म्हणणारी चुलीत टाकलीस. आता आत काय करपलंय का काय, ते झाकण काढल्याबिगर कसं कळायचं?"

मावशीनं फरशी पुसायचं सोडून दिलं.

"गावात काय सांगणार?" मालननं इचारलं.

"खरं ते."

"मूळव्याध सांगा."

"तुझ्या जागी दुसरी कोण बसायची तर कारण सांगाय लागणार. आन् तू भंडारा उचललायस. मी त्याच्यावर आणि एक खोटं चढवत न्हाई."

"तुमी हे गावात सांगितलं तर मी परत त्या घरात पाऊल टाकणार न्हाई."

"नको टाकू," मी म्हणलं. "कुठंबी ऱ्हा. पर जिती ऱ्हा."

मी रडलो न्हाई, पण जवळपास तसलंच. मालननं पदरानं तोंड पुसलं, उठली, आन् माझ्याकडं न बघता आत जाऊन खाटंवर पडली. नर्सनं सुई टोचली तवा मला एवढंच म्हणाली, "आक्काला तुमीच सांगा. मला तोंड न्हाई. आन् सगळ्यांदेखत सांगू नका."

गावात पोचलो तवा देवळात डाळ निवडायचं चाललेलं. दहा-पंधरा बाया सुपं घेऊन बसलेल्या आन् मधी तानुआक्का. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की देवळातली घंटा लाजंल. तिची सून सुवर्णा कडंला घागरी विसळत हुती.

"दौल्या! बायको कुठं हाय रं तुझी? पहिल्याच सालाला म्हाराणीची वाट बघाय लागतीया! मी हुते तवा पहाटं येऊन चूल सारवायची."

"आक्का, बोलायचं हाय."

"बोल की. तोंडात गूळ धरलायस व्हय?"

"एकटीपाशी."

तिनं माझं तोंड बघितलं आन् बायकांना म्हणाली, "जावा गं, पाणी पिऊन या." बाया उठल्या. कुणाला तहान लागलेली नव्हती, पण आक्काम्होरं कोण बोलणार?

आता मी साठीकडं झुकलेला बाप्या. बाईमाणसाचं असलं बोलणं मी जन्मात कुणापाशी केलेलं न्हाई. खाली डाळीकडं बघून बोललो.

"मालनच्या अंगावरनं जातंय, आक्का. दिवाळीपासनं. दवाखान्यात ठेवलीया."

सूप आपटल्याचा आवाज. डाळ सगळी फरशीवर.

"भंडारा उचलला न्हवं तिनं? माझ्या म्होरं? माझ्या हातनं उलथणं घेतलं आन् देवीच्या तोंडावर खोटं बोलली?"

"व्हय."

"व्हय म्हणतोय! लाज हाय का? हे चुलवण बाटलं की सगळं! गावात सांगितलं तर वाळीत टाकतील तुम्हास्नी!"

"टाकूदे. मला ती पायजे."

आक्का उठली, दोन येरझाऱ्या घातल्या, सांडलेल्या डाळीवरनंच. मी शिव्यांची वाट बघत हुबा. पण पुढची शिवी आलीच न्हाई. ती चुलीपाशी जाऊन पाठमोरी हुबी ऱ्हायली.

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

मी सांगितलं. अस्तर, गोधडी, खरवडायचं, सगळं. कॅन्सरचं नावबी काढलं.

"गोळ्यांनीच होतंय म्हण की मग."

"गोळ्यांनी होतंय. आन् काय न खाताबी होतंय म्हणाल्या. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवायचं, वाट बघायची न्हाई. बऱ्याच जणींचं साधंच निघतंय म्हणं. पर दाखवायचं."

"हूं."

"आक्का, निवदाचं काय करायचं?"

"मी बघते. तू जा तिच्यापाशी." आन् मी दारात गेल्यावर, अजून पाठमोरीच, "दौल्या. भाइर कुणाला काय सांगू नगंस. इचारलं तर म्हण, आक्काला ठावं हाय."

मालनचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ते खरवडून काढलं. आठ-दहा दिवसांनी निकाल आला. अस्तर लई वाढलेलं, पण बिघडलेलं न्हाई. आन् तिला औषध काय दिलं म्हणाल? त्याच जातीची गोळी, जी तिनं चुलीत टाकली हुती. पांढरी बंद केली आन् ही बरेच महिने घ्यायला लावली, मग परत तपासलं. कागदासारखं पातळ. आज माझ्या डोक्यावर बसून मिऱ्या वाटतीया.

पण जत्रेच्या दिवशी हे काय ठावं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मालन खाटंवर भिताडाकडं तोंड करून पडलेली. रक्ताची दुसरी बाटली चाललेली. मी च्या आणला, तो तसाच निवला. खिडकीतनं ऊन तिच्या पायावर आलं, मग पोटावर. तिला कळत हुतं आता गावात काय चाललं असंल. आता पुरण चढलं असंल. आता उतरलं असंल. मला दिसत हुतं, तिच्या व्हटांची बारीक हालचाल चालली हुती.

तेवढ्यात दारात काठी वाजली.

"कुठं हाय म्हाराणी?"

मालन धडपडून उठाय लागली. सुई हलली, मी हात धरला. दारात तानुआक्का. हिरवं नऊवारी, कपाळभर कुंकू, जत्रेचा सगळा साज. मागं तिचा म्हातारा, हातात पिशवी.

"झोप की गं. उठून काय आरती ववाळतीस माझी?"

"आक्का..." मालनचं तोंड पार उतरलं. "आक्का, मी भंडारा..."

"ठावं हाय. दौल्यानं सांगितलं."

"मला शिव्या द्या."

"दिल्या. वाटंनं येताना सगळ्या दिऊन झाल्या. ह्या म्हाताऱ्याला इचार."

म्हातारा म्हणाला, "निम्म्या मला दिल्या."

मालनला हसू आलं आन् लगीच रडू आलं. "आज जत्रा हाय, आक्का. तुमी हितं. निवद?"

"सुवर्णा करतीया."

"सुवर्णा? पर तिची तर अजून..."

"व्हय. अजून येतीया तिची." आक्का खाटंच्या कडंला टेकली. "कुणी इचारलं तर काय सांगू, म्हणाली. म्हणलं, माझं नाव सांग. आन् भंडारा उचलाय लावला न्हाई तिला. देवीच्या पायावर ठेवला आन् म्हणलं, आजपास्नं मी ह्यो कुणाकडनं उचलून घेत न्हाई. तुला चालत नसंल तर तूच सांग. काय बोलली न्हाई बया. दगडच हाय ती, काय बोलणार?"

आक्काच्या तोंडी असलं बोलणं! मी म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत खाली बघत हुता. पिशवीत लुगडं हुतं, तांब्या हुता, टॉवेल हुता. माणूस भेटाय जाताना असलं घेऊन जात न्हाई.

हुक्केरीबाई राउंडला आल्या. एवढी नटलेली म्हातारी खाटंवर बघून म्हणाल्या, "आजी, भेटायची वेळ संध्याकाळी असते. पेशंटला पडू द्या."

"मी भेटाय आले न्हाई, बाई."

"मग?"

आक्का उठली. काठी म्हाताऱ्याकडं दिली. पदर नीट केला. मालननं तिचा हात धरला, तिला माझ्या आधी कळलं.

"मला दाखवायचं हाय," आक्का म्हणाली. "माझ्याबी अंगावरनं जातंय."

बाई जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून, आजी?"

आक्कानं बोटं मोजली. देवळात पळी उगारायची तीच बोटं.

"तीन निवद झालं," ती म्हणाली.